चौदा लिटरच्या म्हशीची लेक आठ लिटरवरच का थांबली?

आमच्या गावच्या डेअरीवर सकाळी साडेसहाला रांग लागते. कोल्हापूर इथून बारा-तेरा किलोमीटर, घरटी दोन-चार म्हशी. काट्यावर किटली रिकामी होते, मशीन फॅट दाखवतं, चिठ्ठी निघते आणि चिठ्ठी वाचताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्याचा दिवस जातो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण घरी दोन म्हशी असल्यामुळं मीही त्याच रांगेतला. परवा शेजारच्या आबांनी चिठ्ठी खिशात कोंबत मला गाठलं.

"मास्तर, आईबापाचं गुण लेकरात येत्यात, आसं तुमी पोरास्नी शिकवता न्हवं? मग आमच्या म्हशीला कुणी शिकवलं न्हाई का? चौदा लिटरची म्हस, हरयाणाची मुऱ्हा. सिमेन भारीतलं भरवलं. रेडी झाली, चार वर्सं पोसली, आता व्याली. देती किती? आठ. आमचं काय चुकलं ते तरी सांगा की."

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडखळलो. वर्गात हाच धडा मी वर्षातून तीनदा शिकवतो, पण तिथं वाटाण्याचे दाणे असतात, चार वर्षांची पेंड-वैरण पणाला लागलेली नसते. शिवाय गेल्या दोन वर्षांत या विषयाच्या बातम्या गावात थेट येऊन धडकल्यात. रेडीच होणारं सिमेन, म्हशींसाठी जनुकांची चिप, जनुकं सुधारलेला तांदूळ. रांगेतला प्रत्येकजण यावर काही ना काही बोलतो आणि त्यातलं निम्मं तरी चुकीचं असतं. म्हणून हे सगळं मुळापासून लिहून काढतोय, आबांच्या म्हशीचं बोट धरून. म्हशीला बोट नसतं, ते सोडा.

चटणीची वही

उन्हाळा लागला की आपल्याकडं घरोघरी कांदा-लसूण चटणीची तयारी सुरू होते. संकेश्वरी किती, ब्याडगी किती, खोबरं भाजायचं की तळायचं, लसूण कधी घालायचा, हे प्रत्येक घराचं वेगळं. आमच्या आईनं ते एका वहीत लिहून ठेवलंय. वहीत चटणी नाही, चटणीची कृती आहे. हा फरक पक्का डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं.

सजीवाच्या प्रत्येक पेशीत अशा वह्यांचा एक संच असतो. एका वहीला गुणसूत्र म्हणतात. वहीतल्या एका कृतीला जनुक, म्हणजे बोलीतलं 'जीन'. आणि हे सगळं ज्या लांबलचक धाग्यावर लिहिलेलं असतं तो डीएनए. त्याची लिपी अगदी गरीब आहे, फक्त चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि त्यात २० हजारांच्या आसपास कृती. म्हशीचं प्रकरणही साधारण त्याच मापाचं. माणसाच्या एकाच पेशीतला हा धागा सरळ केला तर सहा फुटांच्या वर भरेल, आणि तो मावतो डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्यात.

कृती कशाची? प्रथिनांची. दूध फाटल्यावर ज्याचं पनीर होतं ते केसीन हे प्रथिन. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनही प्रथिन. पेशी वहीतलं पान उघडते, अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचते आणि त्याप्रमाणं प्रथिन ओवते. या धाग्याची दुहेरी पीळदार रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतलं क्ष-किरण छायाचित्र कळीचं ठरलं होतं. तीन-तीन अक्षरांची भाषा उलगडण्याबद्दल १९६८ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यात आपले हरगोविंद खुराना होते.

पोरं वर्गात हमखास विचारतात, सगळ्या पेशींत सगळ्या वह्या असतील तर म्हशीच्या खुरातून दूध का येत नाही? प्रश्न चांगला आहे. खुराच्या पेशीत दुधाची कृती आहे, पण ते पान तिथं कायमचं मिटलेलं असतं. कासेतल्या पेशी ते उघडतात, तेही व्याल्यावर. लग्नाच्या स्वयंपाकात सगळ्या आचाऱ्यांकडं एकच वही दिली तरी रश्श्यावर बसलेला माणूस जिलेबीचं पान उघडत नाही, तसं.

निम्मं मिळतं, पण कुठलं निम्मं?

म्हशीच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात. सुट्ट्या ५० वह्या नव्हेत, २५ जोड्या. प्रत्येक जोडीतली एक वही आईकडून आलेली, एक बापाकडून. गाईची गुणसूत्रं ६०, माणसाची ४६. (गाय आणि म्हैस यांचा संकर का होत नाही याचं एक कारण इथंच आहे. वह्यांच्या जोड्याच जुळत नाहीत.)

आता रेडीला वारसा द्यायची वेळ आली. म्हैस तिच्या ५० वह्या काही सगळ्याच्या सगळ्या देत नाही, नाहीतर दर पिढीला वह्या दुप्पट झाल्या असत्या. ती प्रत्येक जोडीतली एकच देते. कुठली? ते नाणेफेकीनं ठरतं. पंचवीस वेळा नाणं उडवायचं. याचे किती वेगवेगळे निकाल लागू शकतात? दोनाला दोनानं पंचवीस वेळा गुणा: ३,३५,५४,४३२. सव्वातीन कोटींच्या वर, आणि हे फक्त आईच्या बाजूचे. वळूचे तेवढेच वेगळे. शिवाय देण्याआधी जोडीतल्या दोन वह्या एकमेकींत काही पानांची अदलाबदल करतात, ते यात धरलेलंच नाही.

म्हणजे 'आईचं निम्मं रक्त आलंय' हे आबांचं म्हणणं बरोबर, पण कुठलं निम्मं आलं हे कुणीही निवडलेलं नाही. चौदा लिटरवाल्या म्हशीच्या वह्यांतही काही पानं मातब्बर असणार आणि काही यथातथा. एका रेडीला मातब्बर पानं जास्त गेली, दुसरीला कमी. सख्ख्या दोन भावांत एक आजोबांसारखा आणि दुसरा कुणासारखाच नाही, असं आपण घरोघरी बघतो. त्यामागं दुसरं काही नाही.

दडून बसणारी पानं

इथं वाटाण्याशिवाय सुटका नाही. आज झेक देशात असलेल्या ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनं १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याची हजारो रोपं वाढवली. गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली म्हणावं, तर त्याच रोपांच्या पुढच्या पिढीत ती परत आली: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळपास तिनास एक. मेंडेलनं ओळखलं की गुण मिसळून पातळ होत नाहीत. दोन पानांपैकी एक पान दबून राहतं, जोडीला तसंच दुसरं मिळालं की वर येतं. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापून आला आणि १९०० पर्यंत जवळपास कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आपल्या भागात हा वाटाणा एका नाजूक जागी येऊन टेकतो: मामाची पोर करणं. प्रत्येक माणसाच्या वह्यांत काही पानं बिघडलेली असतात. जोडीदार पान धड असतं म्हणून काम भागतं. आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो, कारण आजी-आजोबा एकच. त्यामुळं तेच बिघडलेलं पान दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही बिघडलेलीच पानं मिळतील. सिकल सेल, थॅलेसेमिया हे आजार असेच उतरतात. सिकल सेलमध्ये तर हिमोग्लोबिनच्या कृतीत फक्त एक अक्षर बदललेलं असतं.

आता यावरचा आक्षेप मला तोंडपाठ आहे. 'आमच्यात चार पिढ्या मामाच्या पोरी केल्या, कुणाला काही झालं नाही.' खरं आहे. जन्मजात दोषाचा धोका कुठल्याही जोडप्याला शंभरात दोन-तीन असतो, नात्यातल्या लग्नात तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव लेकरं ठणठणीतच. पण ज्याच्या घरात तो एक निघतो त्याला शंभराचा हिशेब ऐकवून काय उपयोग? लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्या, एवढंच मी म्हणतो. पत्रिका बघायला वेळ मिळतो तर हेही जमतं.

आणि गोठ्यात? एकाच वळूचं सिमेन आईला आणि पुढं त्याच्याच लेकीला भरवलं जातं, कारण नोंद कुणी ठेवलेली नसते. तिथं नातं मामाच्या पोरीपेक्षा कितीतरी जवळचं होतं.

दुधाचं एक पान नसतं

वाटाण्याच्या सुरकुतीमागं एक जनुक होतं. त्यामुळं लोकांना वाटतं की दुधाचंही एक 'जीन' असेल, ते आलं की चौदा लिटर. तसं नाही. कासेची ठेवण, भूक, पचन, वासरू झाल्यावर दूध किती दिवस टिकतं, उन्हाचा त्रास किती होतो, या सगळ्यांची मिळून दुधाची बेरीज होते आणि प्रत्येकामागं ढीगभर जनुकं. माणसाच्या उंचीचं बघा. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात उंचीशी संबंध असलेल्या डीएनएवरच्या १२ हजारांहून जास्त जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर.

आबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र याच्या पुढं आहे. ते मी डेअरीच्या चिठ्ठीच्या मागं लिहून दाखवलं.

समजा, गावातल्या मुऱ्हा म्हशींची सरासरी आठ लिटर. आबांची चौदा, म्हणजे सरासरीपेक्षा सहा जास्त. हे सहा लिटर कुठून आले? म्हशी-म्हशींच्या दुधात जो फरक पडतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा जनुकांमुळं असतो. (नीट वाचा: दुधाचा तिसरा हिस्सा नव्हे, फरकाचा.) आपण तीस टक्के धरू. सहाचे तीस टक्के म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास. उरलेले सव्वाचार लिटर आबांच्या हाताचे, बारमाही हिरव्या वैरणीचे, काकूंनी वेळेवर पाजलेल्या पाण्याचे, त्या वेताला कासदाह न झाल्याचे आणि थोडे नशिबाचे. ते वहीत लिहिलेले नाहीत, त्यामुळं रेडीला जाणार नाहीत. राहिलं पावणेदोन. त्यातलं निम्मं रेडीला, म्हणजे पाऊण-एक लिटर.

तर आईच्या बाजूनं अपेक्षा धरायची ती सरासरी आठ अधिक एक, नऊ लिटरची. चौदाची नव्हे. त्यावर नाणेफेकीचा दीड-दोन लिटरचा हेलकावा इकडं किंवा तिकडं.

आबा चिठ्ठीकडं बघत राहिले. "म्हंजे म्हशीनं फसवलं न्हाई."

नाहीच. आणि आणखी एक गोष्ट ते विसरत होते: ही रेडी पहिलारू. म्हशीचं दूध तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत चढतं. चौदा लिटर आईचे चौथ्या वेतातले, आठ लिटर लेकीचे पहिल्या वेतातले. सासूच्या हातच्या भाकरीशी नव्या सुनेची पहिली भाकरी ताडून बघण्यातला प्रकार झाला.

पटत नसेल तर उसाकडं बघा

'सगळं जनुकांवरच असतं' असं म्हणणारे आणि 'सगळं खाण्यापिण्यावर असतं' म्हणणारे, दोघांनाही मी उसाच्या फडात नेऊन उभं करतो. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याकडं या विषयाची केवढी मोठी प्रयोगशाळा आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

ऊस आपण बी पेरून लावत नाही. टिपरी लावतो. डोळ्यातून जो कोंब फुटतो त्यात आई-बाप, नाणेफेक काहीच नाही. तो त्याच उसाचा लांबवलेला हात आहे. ८६०३२ हा वाण घ्या. नंबरातले ८६ म्हणजे १९८६ साल आणि ३२ हा त्या सालातला अनुक्रमांक. कोइम्बतूरच्या ऊस पैदास संस्थेत बियापासून उगवलेलं एक रोप निवडलं गेलं आणि आज शिरोळपासून राधानगरीपर्यंत ज्या-ज्या फडात ८६०३२ उभा आहे तो सगळा, वह्यांच्या हिशेबानं, तेच एक रोप आहे.

आता बघा. आमच्या भावकीत एकाचं रान नदीकाठची काळी जमीन, दुसऱ्याचं माळावरचं मुरमाड. दोघांची लागण एकाच महिन्यात, टिपरी एकाच प्लॉटवरची. एकाला एकरी सत्तर टन, दुसऱ्याला अडतीस. जनुकांत अक्षराचाही फरक नाही, तेव्हा हा बत्तीस टनांचा फरक पूर्णपणे माती, पाणी, खत आणि माणसाचा. खोडवा धरला की टनेज घटतं तेव्हाही वही तीच असते.

उलट बाजूही त्याच फडात दिसते. त्याच नदीकाठच्या रानात दोन वेगळे वाण शेजारी-शेजारी लावले तर एकाचा उतारा जास्त, दुसऱ्याची जाडी जास्त. माती तीच, पाणी तेच. आता फरक वह्यांचा.

मग नवा वाण येतो कुठून? तिथं मात्र नाणेफेकच लागते. ऊस तुऱ्यावर आला की आपल्याकडं शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येते, पण पैदास करणाऱ्याला तोच तुरा हवा असतो, कारण त्यातल्या बारीक बियांतून खरा संकर होतो. ८६०३२ चे आई-बाप ठरलेले आहेत: आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. हो, तोच ६७१, ज्याच्या साखरेबद्दल म्हातारी माणसं अजून बोलतात. अशा एका संकरातून निघालेली हजारो रोपं प्रत्येक वेगळी असतात. त्यातून वर्षानुवर्षं निवडत एखादं हाती लागतं. कोइम्बतूरची संस्था १९१२ ची. गोड, जाड उसाचा नदीकाठच्या रानटी कास गवताशी तिथं संकर झाला आणि १९१८ मध्ये को २०५ बाहेर आला. आजच्या उसाच्या अंगात ते गवत अजून आहे. त्याच्या पेशीत शंभराच्या वर गुणसूत्रं भरलेली असतात, माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त. वह्या जास्त म्हणजे अक्कल जास्त, असं काही नसतं हे यावरून कळावं.

म्हशीच्या बाबतीत टिपरी लावायची सोय नाही. प्रत्येक रेडी म्हणजे तुऱ्यातलं बी.

रेडीच होणार, हे कसं ठरवतात?

म्हशीच्या २५ जोड्यांपैकी एक जोडी नर-मादी ठरवते, आपल्यासारखीच. मादीत दोन्ही वह्या एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. म्हैस देणार ती एक्सच, तिच्याकडं दुसरं काही नाहीच. वळूचे निम्मे शुक्राणू एक्सवाले, निम्मे वायवाले. एक्सवाला पोहोचला तर रेडी, वायवाला पोहोचला तर टोणगा.

एक्सची वही वायपेक्षा जाड असते. त्यामुळं एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए चारेक टक्के जास्त भरतो. सगळं तंत्र या चार टक्क्यांवर उभं आहे. डीएनएला चिकटणारा एक चमकदार रंग शुक्राणूंना लावतात. मग त्यांना एकामागं एक, बारीक थेंबांतून लेसरच्या उजेडासमोरून सोडतात. जास्त चमकला तो एक्स. मशीन त्या थेंबाला विजेचा भार देतं आणि थेंब एका बाजूला ओढला जातो. हे सेकंदाला हजारोंच्या वेगानं चालतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते याचंच देशी तंत्रज्ञान जाहीर झालं.

'मग आमच्या भावाला टोणगा कसा झाला?' कारण ही निवड शंभरात नव्वदच्या आसपास खरी ठरते. दहातली एक वेळ टोणगा होणारच, त्यात डॉक्टरची लबाडी नसते. दुसरं, या कांडीत (सिमेन ज्या बारीक नळीत भरून येतं ती) शुक्राणू साध्या कांडीपेक्षा बरेच कमी असतात आणि रंग, लेसर, दाब यातून गेल्यामुळं थोडे दमलेलेही. त्यामुळं गाभण राहण्याचं प्रमाण साध्या सिमेनपेक्षा कमी पडतं. माज नीट ओळखून वेळेवर भरवणं इथं जास्त महत्त्वाचं.

आणि या कांडीनं दूध वाढत नाही. ती फक्त रेडीची हमी देते. दूध किती, ते कांडी कुठल्या वळूची आहे त्यावर.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो, लिहितोच. आमच्याच रांगेतला एक माणूस डॉक्टरला ठणकावून सांगतो, "रेडीवालं सिमेन द्या." म्हणजे रेडी की टोणगा हे वळूच्या बाजूनं ठरतं, हे त्याला पक्कं माहीत आहे. तोच माणूस तिसरी नात झाल्यापासून सुनेशी धड बोलत नाही. माणसातही एक्स-वायचा खेळ हाच आहे. बाई एक्सच देऊ शकते, वाय आला नसेल तर तो मुलाकडून आला नाही. आणि मुलाच्याही हातात काही नसतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. माणसात गर्भलिंग तपासणं आणि असं निवडणं कायद्यानं गुन्हा आहे. १९९४ चा कायदा त्यासाठीच आहे.

तालमीत कमावलेलं पोरात उतरतं का?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. वस्तादाचा पोरगा जन्मतःच दंड घेऊन येतो का? नाही. जोर-बैठकांनी वस्तादाचे स्नायू बदलले, पुढच्या पिढीसाठी जी पेशी बाजूला ठेवलेली असते तिच्यातल्या वह्यांत काही लिहिलं गेलं नाही. हाडाची ठेवण, उंची, स्नायूंचा पोत यातलं काही उतरू शकतं. कमाई उतरत नाही. मग पैलवानाच्या घरात पैलवान का निपजतात? कारण त्या पोराला सहाव्या वर्षी लाल माती, थंडाई आणि चार वाजता उठवणारा बाप मिळतो. तेही घराणंच, पण जनुकांचं नव्हे.

दिवाळी पाडव्याला कसबा बावड्यात, सागरमाळावर म्हशी पळतात ते बघितलंय ना? शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, पुढं मालकाची पुंगळी काढलेली गाडी आणि त्या आवाजामागं म्हैस जीव खाऊन धावते. एवढ्या पिढ्या हे चाललंय, पण एकही रेडकू रंगीत शिंगं घेऊन जन्मलं नाही आणि प्रत्येकाला गाडीमागं पळायला नव्यानं शिकवावं लागतं. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतो आपण, वासराच्या कानाला कधी आपोआप भोक आलंय?

गाभण म्हशीची आबाळ झाली तर रेडकू अशक्त निपजतं, हे खरं. तो पोटातल्या पोषणाचा परिणाम, वहीतल्या मजकुराचा नव्हे.

जनुकं बदललेलं खाल्लं तर आपली बदलतात का?

ही भीती मला समजते, पण तिला आधार नाही. आपण जे काही खातो त्यात डीएनए असतोच. मेथीच्या जुडीत आहे, तांबड्या रश्श्यातल्या मटणात आहे. रोज कोट्यवधी पानं आपण चावून गिळतो आणि पोटात त्यांची अक्षरं सुटी होतात. मटण खाऊन कुणी मेंढरू झाल्याचं ऐकिवात नाही.

कोल्हापूरकरांना एक आठवण करून देतो. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलंय, त्यामुळं बोंडअळी ते खाऊन मरते. आज देशातला बहुतेक कापूस तोच, म्हणजे आपल्या म्हशींच्या पाटीत पडणारी सरकीही बहुतेक तीच. वीस वर्षांवर म्हशी ती खातायत आणि त्यांच्या अंगाला बोंडअळी मारायचा गुण काही लागलेला नाही. बियाण्याची किंमत किती, अळी पुन्हा का माजली, हे सवाल रास्त आहेत. ते शेतीचे आणि बाजाराचे आहेत, पोटाचे नाहीत.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेले तांदळाचे दोन वाण, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १', याहून वेगळे. त्यात दुसऱ्या जीवाचं पान चिकटवलेलं नाही. भाताच्याच वहीत ठरावीक जागी दुरुस्ती केलीय, जशी आई वहीत 'मीठ दोन वाट्या' खोडून 'दीड' करते.

वळू कसा निवडायचा?

शेवटी आबांनी विचारलं ते हे, आणि खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा होता. वळू स्वतः दूध देत नाही. त्याच्या वहीत काय आहे हे कळायचा जुना मार्ग एकच: त्याच्या पुष्कळ लेकी, वेगवेगळ्या गोठ्यांतल्या, किती दूध देतात ते मोजायचं. एका लेकीवरून काही कळत नाही, नाणेफेक आडवी येते. पन्नास लेकींची सरासरी मात्र खोटं बोलत नाही. 'याची आई अठरा लिटरची होती' ही जाहिरात त्या मानानं फार कच्ची, कारण त्या अठरातले बरेचसे लिटर तिच्या मालकाचे होते.

पण लेकी वयात येऊन व्याईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. चिपचा उपयोग तिथं. वाशीमच्याच कार्यक्रमात गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' आली. ती वहीतल्या हजारो ठरावीक जागांवरची अक्षरं एकदम वाचते, तीही रेडकू लहान असतानाच. मात्र कुठलं अक्षर दुधाला चांगलं, हे चिपला आधी शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला लागतात नोंदी: बिल्ल्याचा नंबर, बापाचा नंबर, वेत कितवं, दूध किती. अशा नोंदी आमच्या गावात किती गोठ्यांत असतील, मी मोजायला गेलो नाही.

परवा आबांकडं गेलो होतो. म्हैस पुन्हा माजावर आली म्हणून डॉक्टर येऊन गेले होते. रिकामी कांडी आबांनी टाकली नव्हती. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो, चष्मा लावून त्यांनी तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं उतरवला होता, खाली तारीख. त्याच्या वर आणखी एक ओळ होती, आठ लिटरवालीच्या बापाची. तिथं नंबर नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह.